अमेरिकेचे माजी अध्यक्ष आणि मन वळवण्याची कला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या माजी अध्यक्षांनी माणसं कशी जोडली, कशी वळवली आणि कुठे हातची घालवली, यावर मी बरीच वर्षं लिहितो-बोलतो आहे. त्यावर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अमेरिकेचा अध्यक्ष म्हणजे जगातला सर्वांत ताकदवान माणूस. त्याला कुणाचं मन वळवायची गरजच काय?

त्याच्या हातात दिसते तेवढी सत्ता नसते. कायदे करते काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, आणि पैसा मंजूर करते तीही काँग्रेसच. परदेशाशी केलेल्या तहाला सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहात, दोन तृतीयांश मतं लागतात. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश एकदा नेमला की तहहयात. शिवाय आपल्याकडच्या वाचकाच्या चटकन ध्यानात येत नाही अशी एक गोष्ट आहे: तिथे पक्षादेश मोडला म्हणून सदस्यत्व जात नाही. अध्यक्षाच्याच पक्षाचा सिनेटर त्याच्या विधेयकाविरुद्ध उघड मत देतो आणि दुसऱ्या दिवशी ताठ मानेने सभागृहात येतो.

हॅरी ट्रूमननी हे फार सरळ सांगितलं होतं. लोकांनी स्वतःच्या अकलेने जी गोष्ट करायला हवी ती करा म्हणून त्यांची मनधरणी करत मी इथे दिवसभर बसतो, अध्यक्षाचे अधिकार म्हणजे एवढंच, असं ते म्हणत. आपल्या जागी जनरल आयझेनहॉवर आले तर काय होईल, याबद्दलही ते बोलले होते. बिचारे आइक या खुर्चीत बसून 'हे करा, ते करा' म्हणतील आणि काहीच घडणार नाही. हे सैन्य थोडंच आहे! मला हा विषय ट्रूमनच्या या बोलण्यातूनच कळला.

२. लिंकनने स्वतःच्या प्रतिस्पर्ध्यांनाच मंत्री केलं, हे खरं की नुसती गोष्ट?

खरं आहे. १८६० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी विल्यम सीवर्ड, सॅमन चेस आणि एडवर्ड बेट्स तिघेही लिंकनच्या विरोधात उभे होते. सीवर्डना परराष्ट्र खातं मिळालं, चेसना अर्थखातं, बेट्सना महान्यायवादीपद. एडविन स्टँटन यांची गोष्ट आणखी पुढची. १८५५ मध्ये सिनसिनाटीच्या एका पेटंट खटल्यात या नामांकित वकिलाने लिंकनना अगदी खड्यासारखं बाजूला काढलं होतं. जानेवारी १८६२ मध्ये लिंकननी त्यांनाच युद्धमंत्री केलं, कारण त्या कामाला त्यांच्याइतका खमका माणूस दुसरा दिसत नव्हता.

ही गोष्ट सांगताना मनाच्या मोठेपणावर भर दिला जातो, पण हे घर चालवायला लिंकनना किती कसरत करावी लागली ते कुणी सांगत नाही. चेस आतून सीवर्डविरुद्ध सिनेटरांचे कान भरत होते. डिसेंबर १८६२ मध्ये सिनेटरांचं शिष्टमंडळ सीवर्डना काढा म्हणून आलं. सीवर्डनी आधीच राजीनामा दिला होता. लिंकननी सिनेटरांना आणि मंत्र्यांना समोरासमोर बसवलं. सहकाऱ्यांदेखत चेसना आपलं म्हणणं रेटता येईना आणि शरमेने दुसऱ्या दिवशी त्यांनीही राजीनामा पुढे केला. लिंकननी तो हातातून ओढूनच घेतला. आता माझ्या पडशीच्या दोन्ही बाजूंना एकेक भोपळा आहे, आता घोडा नीट चालेल, असं ते म्हणाले. मग दोघांचेही राजीनामे नाकारले. दोन्ही गट सरकारात राहिले आणि एकाचं पारडं दुसऱ्यापेक्षा जड झालं नाही.

३. गुलामगिरी वाईट हे पटलं होतं, तर लिंकन थांबला का? हा कच्चेपणा नाही का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग मला योग्य वाटतो. गुलामीत असलेल्या माणसाला एकेक दिवस मोजावा लागत होता.

घडलं ते असं. दक्षिणेतली गुलामगिरीची राज्यं संघराज्यातून फुटून निघाली होती आणि यादवी युद्ध चालू होतं. २२ जुलै १८६२ ला लिंकननी मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे वाचला. सीवर्ड म्हणाले, आपण लढाया हरतो आहोत, आत्ता हे काढलं तर पळता पळता मारलेली शेवटची किंकाळी वाटेल. एखादा विजय मिळू द्या. मसुदा बाजूला ठेवला गेला. १७ सप्टेंबरला अँटिएटमच्या लढाईत दक्षिणेची फौज मागे हटली आणि पाचच दिवसांत घोषणा झाली. जाहीरनामा १ जानेवारी १८६३ पासून अमलात आला.

मधल्या काळात, २२ ऑगस्टला, लिंकननी संपादक होरेस ग्रीली यांना जाहीर पत्र लिहिलं: एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसं करीन, सगळ्यांना मुक्त करून वाचत असेल तर तसं करीन. एवढं एकच वाक्य उचलून लिंकनना गुलामगिरीचं काही नव्हतंच, असं सांगणारे भेटतात. पण हे लिहिताना मुक्तीचा मसुदा तयार होता. काळ्या माणसासाठी लढायला नाखूश असलेल्या उत्तरेतल्या गोऱ्या मतदाराला, हे पाऊल देश वाचवण्यासाठी आहे, असं ते आधीच ऐकवून ठेवत होते.

जाहीरनाम्याची मर्यादाही माहीत असू द्या. तो फक्त बंडखोर भागांना लागू होता. केंटकी, मिसूरी, मेरीलँड, डेलावेअर या संघराज्यात राहिलेल्या राज्यांतली गुलामी त्याने संपली नाही. देशभर ती संपवायला तेरावी घटनादुरुस्ती लागली. ३१ जानेवारी १८६५ ला प्रतिनिधिगृहात ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी पार पडली, तेव्हा दोन तृतीयांशाची रेघ जेमतेम ओलांडली गेली होती.

४. रागाने लिहिलेली पत्रं लिंकन पाठवत नसे म्हणतात. पुरावा आहे?

आहे. गेटिसबर्गच्या विजयानंतर जनरल मीड यांनी पळणाऱ्या शत्रूचा जोमाने पाठलाग केला नाही. लिंकन फार दुखावले. १४ जुलै १८६३ ला त्यांनी मीडना कडक पत्र लिहिलं आणि ते तसंच ठेवून दिलं. पाकिटावर त्यांच्याच हातची नोंद आहे: मीड यांना, कधीच पाठवलं नाही, सहीही केली नाही.

मला त्याच्या आदल्या दिवसाचं पत्र जास्त मोलाचं वाटतं. व्हिक्सबर्ग जिंकणाऱ्या जनरल ग्रँटना लिंकननी लिहिलं की तुमची चाल चुकते आहे असं मला वाटलं होतं, पण तुम्ही बरोबर होतात आणि मी चूक होतो. हे पत्र मात्र पाठवलं. ग्रँटना लिंकनच्या मनातली शंका कधी कळलीही नसती. ती स्वतःहून सांगायची काही गरज नव्हती.

५. 'लिंकनचं हेडमास्तरांना पत्र' आमच्या शाळेच्या भिंतीवर होतं. ते खरंच त्याचं आहे का?

नाही. लिंकनच्या उपलब्ध पत्रव्यवहारात असं पत्र नाही आणि त्यातली भाषाही त्यांची वाटत नाही. मराठीत ते एका नामवंत कवीच्या हातून उतरलं, म्हणून आपल्या मनात इतकं खोल बसलं. तुमच्या मुलांना जरूर वाचून दाखवा, मजकूर सुंदर आहे. फक्त लिंकनच्या नावावर खपवू नका. त्यांचंच काही भिंतीवर लावायचं असेल तर ग्रँटना लिहिलेलं पत्र लावा (प्रश्न ४).

६. रूझवेल्टच्या रेडिओवरच्या गप्पांत असं काय होतं?

आवाजाची जादू होती असं सांगितलं जातं. मजकूर वाचला तर वेगळंच काही हाती लागतं.

४ मार्च १९३३ ला फ्रँकलिन रूझवेल्टनी शपथ घेतली तेव्हा देशभर लोक बँकांतून पैसे काढून घेत होते आणि बँका बुडत होत्या. ६ तारखेपासून त्यांनी सगळ्या बँका बंद ठेवल्या. ९ तारखेला काँग्रेसने तातडीचा कायदा केला. १२ मार्चला, रविवारी रात्री, बँका पुन्हा उघडण्याच्या आदल्या दिवशी, ते रेडिओवर बोलले. बँकेचं कामकाज समजणारे थोडे. मला बोलायचंय ते पैसे भरणाऱ्या आणि चेक लिहिणाऱ्या बहुसंख्यांशी, अशी सुरुवात. मग बँक म्हणजे काय इथपासून. तुम्ही भरलेले पैसे बँक तिजोरीत कोंडून ठेवत नाही, ते गुंतवते. म्हणून सगळे एकदम मागायला आले तर भक्कम बँकही देऊ शकणार नाही. सगळ्या बँका सरसकट का उघडणार नाहीत, तेही सांगितलं. प्रत्येक बँक उघडेल किंवा कुणाचंच नुकसान होणार नाही असं वचन मी देत नाही, हेही स्पष्ट म्हटलं. आणि शेवटाकडे, गादीखाली ठेवण्यापेक्षा पुन्हा उघडलेल्या बँकेत पैसे ठेवणं अधिक सुरक्षित आहे, अशी खात्री दिली. दुसऱ्या दिवसापासून लोक पैसे काढायला नाही, भरायला रांगेत उभे राहिले.

घाबरलेल्या माणसाला 'घाबरू नका' म्हणून उपयोग नसतो. रूझवेल्टनी घाबरण्याचं कारण समजावून दिलं, वाईट बातमी लपवली नाही, आणि लोकांना करता येईल असं एकच काम सांगितलं. कायदा आधी झाला आणि भाषण नंतर, हा क्रमही विसरू नका. नुसत्या शब्दांवर बँका उघडल्या नव्हत्या.

बारा वर्षांत अशी भाषणं झाली फक्त तीसच्या आसपास, म्हणजे वर्षाला दोन-तीन. सप्तकातला सर्वांत वरचा सूर सतत लावून ठेवला तर लोकांना तो सोसत नाही, अशा अर्थाचं त्यांनी १९३५ मध्ये एका पत्रात लिहिलं आहे.

७. अवघड विषय लोकांच्या गळी उतरवायला एखादी उपमा पुरते का?

नेमकी सापडली तर पुष्कळ काम करते. १७ डिसेंबर १९४० ला पत्रकारांपुढे रूझवेल्ट ब्रिटनला युद्धसामग्री उसनी देण्याबद्दल बोलत होते. शेजाऱ्याच्या घराला आग लागली आहे आणि माझ्याकडे बागेला पाणी घालायचा पाइप आहे. त्या वेळी मी त्याला 'याची किंमत पंधरा डॉलर, आधी ते दे' म्हणत नाही. मला पंधरा डॉलर नकोत. आग विझली की माझा पाइप परत हवा. मार्च १९४१ मध्ये कायदा झाला. तेवढ्याने नाही, वाद महिनोन् महिने चालला, पण बाजू मांडणाऱ्यांना घरोघर सांगता येईल असं चित्र मिळालं होतं.

८. 'जॉन्सन ट्रीटमेंट' म्हणजे धाकदपटशाच ना?

लिंडन जॉन्सनचे फोटो पाहून तसंच वाटतं: सहा फूट तीन इंचांहून उंच माणूस समोरच्याच्या अंगावर ओणवलेला, नाकाला नाक भिडेल इतका. धाक होताच. पण वर्णभेदाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा नुसत्या धाकाने झाला नाही.

कायद्याला सर्वांत कडवा विरोध होता जॉन्सनच्याच डेमोक्रॅटिक पक्षातल्या दक्षिणी सिनेटरांचा, आणि त्यांचे पुढारी रिचर्ड रसेल हे जॉन्सनना सिनेटमध्ये हाताला धरून वर आणणारे गुरू. भाषणं लांबवत विधेयक मारण्याचं त्यांचं शस्त्र मोडायला दोन तृतीयांश मतं हवी होती, म्हणजे रिपब्लिकनांशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यांचे नेते होते एव्हरेट डर्कसन, इलिनॉयचे, लिंकनच्या राज्याचे. जॉन्सननी आपले शिलेदार ह्युबर्ट हम्फ्री यांना बजावलं: डर्कसनबरोबर बसा, त्यांचं ऐका, दुरुस्त्या त्यांच्या हाताने होऊ द्या, श्रेय त्यांना घेऊ द्या. १० जून १९६४ ला चर्चा थांबवण्याचा ठराव ७१ विरुद्ध २९ मतांनी मंजूर झाला. त्या ७१ मध्ये २७ रिपब्लिकन होते. नागरी हक्कांच्या विधेयकावर सिनेटने अशी कोंडी फोडण्याची ती पहिलीच वेळ.

कुणाला काय हवं, कशाची भीती, कुणाच्या मतदारसंघात काय अडकलंय, हे जॉन्सनना पाठ होतं. १९५० च्या दशकात सिनेटचे बहुमत नेते म्हणून त्यांनी तेच तर केलं होतं. त्यांच्या टेलिफोनवरच्या संभाषणांच्या ध्वनिफिती आज खुल्या आहेत. त्या ऐका, त्यात ते जितके गरजतात तितकेच गोंजारतातही.

९. श्रेय दुसऱ्याला दिलं तर आपल्या हाती काय राहतं?

काम राहतं. १९४७ मध्ये युरोप सावरण्याची योजना आली तेव्हा काँग्रेस रिपब्लिकनांच्या हातात होती आणि ट्रूमन १९४८ ची निवडणूक हरणार असं सगळे धरून चालले होते. योजनेला त्यांचं नाव द्यावं असं सहकाऱ्यांनी सुचवलं. माझ्या नावाने पाठवली तर ती दोन आचके देऊन मरेल, असं म्हणून त्यांनी नाव दिलं परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांचं, ज्यांना दोन्ही पक्ष मानत. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे रिपब्लिकन अध्यक्ष व्हँडनबर्ग यांनाही मानाचं स्थान मिळालं. एप्रिल १९४८ मध्ये कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर युरोपात गेले. (डर्कसनची गोष्ट याच जातीची: प्रश्न ८.)

१०. याच जॉन्सनने भारताचा गहू अडवला होता. तेही मन वळवणंच का?

नाही, मी त्याला दबाव म्हणेन. १९६५-६६ च्या दुष्काळात आपल्या रेशन दुकानांतला गहू पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली अमेरिकेतून येत होता. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आठवेल. जॉन्सननी वर्षाचा करार न करता थोडा थोडा गहू सोडण्याचं धोरण ठेवलं. जनावराला आखूड दाव्याने बांधावं तसं. भारताने शेतीवर जास्त खर्च करावा हा एक हेतू, आणि व्हिएतनामवर टीका करणारा देश आपलं धान्य खातो याचा रागही होता. गहू आला, प्रचंड प्रमाणात आला आणि जीव वाचले, हे मान्य करायलाच हवं. पण भुकेल्या माणसाला जहाजाकडे डोळे लावून बसवलं की त्याला ते मदत म्हणून आठवत नाही. पुन्हा अशी वेळ येऊ द्यायची नाही, ही जिद्द इथे त्याच अपमानातून पक्की झाली.

११. वरिष्ठाने चूक कबूल केली तर वचक जातो. अध्यक्षांचा अनुभव काय?

उलटा आहे. एप्रिल १९६१ मध्ये क्युबातलं सरकार उलथवायला अमेरिकेने बे ऑफ पिग्जवर उतरवलेली तुकडी धुळीला मिळाली. योजना आधीच्या सरकारच्या काळात शिजलेली, पण केनेडींनी पत्रकारांना सांगितलं की सरकारचा जबाबदार अधिकारी मी आहे. त्यानंतर गॅलपच्या चाचणीत त्यांना ८३ टक्के पाठिंबा होता.

कबुलीपेक्षा त्यांनी पुढे काय बदललं ते मोठं. तज्ज्ञांच्या एकमताला आपण भुललो हे ओळखून ऑक्टोबर १९६२ मध्ये, सोव्हिएत संघाने क्युबात क्षेपणास्त्रं आणली तेव्हाच्या संकटात, ते काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत. अध्यक्ष समोर नसले की माणसं मोकळी बोलतात. नाकेबंदीला 'क्वारंटाइन' असा सौम्य शब्द वापरला. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांना माघारीसाठी वाट ठेवली. तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं काढण्याचं वचन मात्र गुप्त ठेवलं, आणि त्यामुळे केवळ ताठपणाने जिंकलो असा चुकीचा धडा पुढच्या कित्येकांनी घेतला.

अर्धवट कबुलीही कधी चालते. इराणला शस्त्रं देऊन ओलीस सोडवल्याचा आरोप रेगननी आधी नाकारला. मार्च १९८७ मध्ये ते म्हणाले की माझं मन अजूनही तसं झालं नाही म्हणतं, पण पुरावे सांगतात की झालं. वॉटरगेट घुसखोरीच्या प्रकरणात निक्सननी ती पायरी कधी वेळेवर चढलीच नाही आणि ऑगस्ट १९७४ मध्ये पद सोडलं.

१२. कार्टरला कॅम्प डेव्हिडमध्ये जमलं, मग स्वतःच्या देशात का नाही?

सप्टेंबर १९७८ मध्ये इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना जिमी कार्टरनी तेरा दिवस डोंगरातल्या एका विश्रामस्थळी ठेवलं. दोघे एकत्र बसले की भांडत, म्हणून ते स्वतःच मसुदा घेऊन इकडून तिकडे फिरले. शेवटच्या दिवशी जेरुसलेमबद्दलच्या एका पत्रावरून बेगिन निघायला तयार झाले. त्यांनी नातवंडांसाठी तिघांचे फोटो सही करून मागितले होते. कार्टरनी प्रत्येक नातवंडाचं नाव मिळवून ते फोटोवर लिहिलं आणि स्वतः नेऊन दिले. बेगिन एकेक नाव मोठ्याने वाचू लागले आणि त्यांचा गळा दाटून आला. नातवंडांबद्दल, लढाईबद्दल दोघे बोलले, आणि थोड्याच वेळात पत्रावर तोडगा निघाला. हा प्रसंग वाचताना मला अजून भरून येतं.

जुलै १९७९ मध्ये तेच कार्टर देशापुढे आत्मविश्वासाच्या संकटावर बोलले. भाषण लोकांना आवडलं होतं, पाठिंबा वाढला होता. दोनच दिवसांनी त्यांनी सगळ्या मंत्र्यांचे राजीनामे मागवले, आणि सरकारच कोसळतंय की काय असं लोकांना वाटलं. जे भाषणाने कमावलं ते त्या कृतीने गेलं.

१३. हुशार असून सपशेल फसलेला अध्यक्ष कोण?

वुड्रो विल्सन. पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाची (लीग ऑफ नेशन्स) कल्पना या डेमोक्रॅट अध्यक्षांनी उराशी धरली, पण पॅरिसच्या वाटाघाटींना एकाही सिनेटरला नेलं नाही. तहाला सिनेटची मंजुरी लागते हे माहीत असून. रिपब्लिकन सिनेटर लॉज यांच्या अटी त्यांना मान्य नव्हत्या. लोकांना थेट जिंकायचं म्हणून सप्टेंबर १९१९ मध्ये रेल्वेने देशभर दौरा काढला, प्वेब्लोला कोसळले आणि ऑक्टोबरमध्ये पक्षाघात झाला. तरी तडजोड नाही. मार्च १९२० मध्ये अटींसह तह ४९ विरुद्ध ३५ असा आला, सात मतं कमी पडली. विरोधातली बरीच मतं विल्सनचाच शब्द पाळणाऱ्या डेमोक्रॅटांची होती.

रूझवेल्टही एकदा असेच आपटले. १९३६ मध्ये ४८ पैकी ४६ राज्यं जिंकल्यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयात सहापर्यंत न्यायाधीश वाढवण्याचं विधेयक आणलं, आणि कारण दिलं वयस्क न्यायाधीशांवरच्या कामाच्या भाराचं. खरं कारण सगळ्यांना दिसत होतं. स्वतःच्या पक्षाचं बहुमत असलेल्या सिनेटने ते ७० विरुद्ध २० मतांनी समितीकडे परत पाठवून संपवलं.

१४. म्हणजे ज्याला मन वळवता येतं तो चांगला नेता?

मुळीच नाही. नागरी हक्क कायद्यावर सही झाल्यानंतर पाचच आठवड्यांनी त्याच जॉन्सननी त्याच काँग्रेसकडून व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरायची मुभा देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव मिळवला: प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. अमेरिकी जहाजांवरच्या ज्या दुसऱ्या हल्ल्याचा आधार दिला तो झालाच नव्हता. त्यातून व्हिएतनामचं युद्ध वाढलं. आणि बँकेत पैसे ठेवायला लोकांना धीर देणाऱ्या रूझवेल्टनी फेब्रुवारी १९४२ मध्ये काढलेल्या हुकमाने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले बहुतेक अमेरिकी नागरिक होते. माझ्या बोलण्यात या दोन गोष्टी मी कधी वगळत नाही.

१५. अलीकडच्या अध्यक्षांवर का लिहीत नाही?

कागदपत्रं पुरती खुली झालेली नाहीत. केनेडींचं गुप्त वचन (प्रश्न ११) बाहेर यायलाही वर्षं गेली.

१६. सगळं श्रेय अध्यक्षांनाच का? चळवळीतल्या माणसांचं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचे मी आभार मानतो. ऑगस्ट १८६३ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लढणारे काळे पुढारी फ्रेडरिक डग्लस व्हाइट हाउसमध्ये जाऊन लिंकनना भेटले आणि काळ्या सैनिकांना कमी पगार का, हे त्यांनी तोंडावर विचारलं. सुमारे १,८०,००० काळे सैनिक संघराज्यासाठी लढले. स्वतः गुलामीतून निसटून आलेले कितीतरी त्यांत होते. ७ मार्च १९६५ ला अलाबामातल्या सेल्मात निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर लाठ्या पडल्या, आणि आठ दिवसांनी जॉन्सननी काँग्रेसपुढे मतदान हक्काची मागणी करताना चळवळीच्याच गाण्याचं ध्रुवपद उच्चारलं. मन वळवणाऱ्यांचं मन आधी कुणीतरी वळवलं होतं.

महाराष्ट्रात हे जोतीराव फुल्यांनी फार लवकर ओळखलं. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध करताना त्यांनी ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्यासाठी, आणि आपले देशबांधव त्यांचा कित्ता घेतील अशी आशा धरून. लिंकनच्या हत्येला तेव्हा आठच वर्षं झाली होती. त्या अर्पणपत्रिकेत कुणाही अध्यक्षाचं नाव नाही.